बुंदीच्या झाऱ्यातलं ग्रहण

आमच्या नंदाव्यांइतकं सूर्याला भिणारं माणूस अख्ख्या माळव्यात मिळायचं नाही. नंदावे म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, राहतात धारला. थंडीतसुद्धा छत्री. सकाळी कोणी वर तोंड करून सूर्याला पाणी घालताना दिसलं, की रस्त्यातून ओरडतात, "अहो, पाया पडा, डोळे कशाला भिडवता? तो काय तुमचा साडू आहे?" एकदा एक वेल्डिंगवाला उघड्या डोळ्यांनी जाळी जोडत होता. "अरे भिया, पहले चष्मा लगा," म्हणून तिथंच ठाण मांडून बसले. तिकडे नणंदबाई बसस्टँडवर एकट्या, बस गेली. तर म्हणे, "बस दुसरी मिळते."

मी शाळा पाहिली दुसरीपर्यंत. आमचे हे गेल्यावर देवासला लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या. काचबिंदूनं डावा डोळा गेला, मग उजव्यावर लाटल्या. रडून काय पोळी गोल होते? पण ग्रहण काही कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी घरात कोंडायचे, पोटुशी असताना सासूबाई कोंडायच्या, पुढे कामातून मान वर झाली नाही.

त्या साली दिवाळी झाली आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ग्रहण आलं. नणंद-नंदावे माझ्याकडेच होते. म्हटलं, आता कोंडणारं कोण उरलंय? सासूबाई बघायच्या तसं परातीत हळदीचं पाणी घेतलं, अंगणात मांडलं आणि वाकणार, तोच नंदाव्यांनी परात उलटी केली.

"वहिनी, पाण्यातला सूर्य काय वेगळा असतो? एक डोळा उरलाय, तोही देताय?"

"मग तुम्ही आणलेला ग्रहणाचा चष्मा द्या."

"त्याला ओरखडा पडलाय. मोडून टाकला."

"मग काय तुमच्या टकलात बघू?"

"बुंदीचा झारा आणा."

"अगं बाई! ग्रहणात बुंदी पाडणार?"

नणंदबाईंनी तर कानांवर हातच ठेवले. पण झारा आणला. नंदाव्यांनी मला सूर्याकडे पाठ करून उभं केलं आणि झारा उन्हात उंच धरला. समोरच्या भिंतीवर, काय सांगू, भोकाभोकातून एकेक सूर्य उतरला होता. भिंतभर बत्तासे, आणि प्रत्येक एका बाजूनं चावलेला!

"दिसलं?" त्यांनी विचारलं.

"दिसलं की. तुम्हीच बघा ना."

"मला एवढं बारीक दिसत नाही, वहिनी. लहानपणी मनावर गावात काजळी धरलेल्या काचेतून ग्रहण बघितलं होतं. तेव्हापासून जिथं बघावं तिथं मधोमध काळा डाग. तुम्ही सांगा, केवढा खाल्लाय?"

एवढ्या वर्षांत हे नणंदबाईंनाही ठाऊक नव्हतं. त्या उठून आल्या आणि नंदाव्यांचा झाऱ्याचा हात खालून धरला. सूर्य बुडेपर्यंत मी सांगत गेले, "पाव खाल्ला... आता जरा जास्त... आता भिंत चढतोय," आणि ते मान कलती करून, कान माझ्याकडे लावून, ग्रहण बघत राहिले.