फोटो टोकापासून टोकापर्यंत

किस्से आम्ही मुद्दाम गोळा करत नाही. गिऱ्हाईक स्क्रीनसमोर बसतं, फोटो मोठा होतो आणि मागे एक किस्सा उरतो.

शहाद्यात एसटी स्टँडजवळ आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे. मी आणि भारतीताई, दोघंच. गिऱ्हाइकांशी मी बोलतो, कोड ताई लिहितात. मागणी सगळ्यांची एकच: फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिजे. पानाच्या मधोमध एक चौकट असते, फोटो तिच्यात अडकतो. ताई दोन्हीकडचं मार्जिन, म्हणजे कडेला सोडलेली जागा, उणे करतात, की तो बाहेर पसरतो. काम दोन ओळींचं. पुढचं मात्र आपल्या हातात नसतं.

*

केळीचे व्यापारी नाना स्वतःचा फोटो घेऊन आले. उभा फोटो, आडवी पट्टी. पूर्ण रुंदीला ताणल्यावर पट्टीत उरलं फक्त नाक आणि मिश्या.

"मन्हा डोया कोठे गयात?"

"वर कापले गेले, नाना."

नानांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लोके मन्ह्या मिश्याच वळखतस."

ती वेबसाइट अजून तशीच चालू आहे.

*

प्रकाशा गावचे एक मास्तर वारले. मुलाने त्यांच्या आठवणींचं पान करायला घेतलं आणि दाखवायला आईलाही आणलं. काकू खुर्चीत बसल्या. ताईंनी पान उघडलं, आणि मास्तरांचा चेहरा स्क्रीनभर झाला.

काकू लगेच उठल्या. पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, बस ना."

"त्यास्ना म्होरे मी खुर्चीवर कशी बसू?"

त्या जाईपर्यंत मग आम्हीही उभेच होतो.

*

तोरणमाळला लॉज चालवणाऱ्या एकाने धुक्याचा फोटो दिला. लहान होता तोवर नुसता पांढरा दिसायचा. पूर्ण रुंदीला लावला तेव्हा ताई म्हणाल्या, "ही बाई कोण?"

धुक्यात मधोमध कुणीतरी उभं होतं. लुगडं स्पष्ट दिसत होतं.

लॉजवाला वाकून बघू लागला. "फोटो मीच काढेल शे. कठड्यापासून."

"मग कठड्यापुढे उभी असेल."

"कठड्यापुढे दरी शे, ताई."

तो स्क्रीनपासून मागे सरकला आणि हळूच म्हणाला, "पहिलासारखा लहान करी द्या."

*

आणि हे रतन सरांचं. शाळेत शिकवतात. त्यांचं सातपुड्यातलं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, आता घर शहाद्याजवळच्या वसाहतीत. बुडालेल्या गावाचा एकच फोटो त्यांच्याकडे होता. एका दुपारी ते आईला घेऊन आले. आई पावरी ही आदिवासी बोली बोलते, सर आम्हाला मराठीत सांगत होते.

फोटो पूर्ण रुंदीला लागला. आई उठली, स्क्रीनवर बोट ठेवून घरं मोजत उजवीकडे गेली. स्क्रीन संपली, तिचं बोट थांबलं नाही. कडेबाहेर, वीतभर अंतरावर, हवेत टेकलं.

"म्हणते, आमचं घर इथं आहे," सर म्हणाले. "फोटोत आलं नाही."

तिचा चेहरा बघून ताईंना राहवलं नाही. त्यांनी मॉनिटरच उचलला आणि वीतभर उजवीकडे सरकवला. म्हातारीच्या समाधानासाठी, एवढंच. आम्हाला तोच फोटो तसाच दिसत होता, तीच घरं, तीच कड.

आई मात्र स्क्रीनच्या उजव्या कडेकडे बघून हसली. हाक मारल्यासारखं काहीतरी बोलली.

"काय म्हणाल्या?"

"माझ्या मामाचं नाव घेतलं." सर म्हणाले. "मामा गाव सोडून आलाच नाही. पाणी चढलं तरी तिथंच राहिला."

आई ऐकत होती. आम्ही कुणीच बोलत नव्हतो, तरी ती मान हलवत ऐकत होती. मग तिने काहीतरी विचारलं.

सर आईच्या जवळ सरकले.

"सर, काय विचारलं?"

"विचारते, पाणी कुठवर आलं."

ती पुन्हा ऐकू लागली. मग मागे न बघता तिने दोन्ही हातांनी लुगडं घोट्यांच्या वर उचलून धरलं.