राखाडी घर

ऑफिसात त्यांना सगळे नकाशेकाकाच म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकात असेल कुठेतरी. शहराला लागणारी वीज शहरातल्याच छतांवर सोलर पॅनेल बसवून कशी काढायची, गल्लीगल्लीतल्या बॅटरीत साठवून कुणाला किती द्यायची, हा आराखडा दोन वर्षं त्यांच्या टेबलावर चालला होता. कुठल्या टाकीची सावली किती वाजता कुठल्या छतावर पडते, सगळं तोंडपाठ. शेजारी कोण राहतं ते विचारा, की आली पंचाईत!

त्यांचा एक नियम होता. महिन्याला पंधरा युनिटही न जाळणारं घर बंद समजायचं आणि नकाशावर राखाडी रंगवायचं. राखाडी घराला बॅटरीतला वाटा नाही. कुणी म्हणालंच, "अहो, मी राहतो इथे," तर त्याने शेजाऱ्याची सही आणायची. नुसत्या शब्दावर काकांचा विश्वास नव्हता.

तर एक दिवस नकाशा टेबलावर पसरला आणि इंजिनियर बाईंचं बोट एका चौकोनावर थांबलं.

"काका, हे तुमचं घर ना? राखाडी कसं?"

"घ्या! दिव्याखाली अंधार!" साहेब म्हणाले. सगळे हसले. काकाही हसले, जरा जास्तच मोठ्याने.

चूक कुणाची नव्हती. अकरा युनिट. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. दोन वेळचं जेवण कॅन्टीनमध्ये, म्हणून फ्रिज बंद. टीव्ही तिच्या आवडीचा, म्हणून तोही बंद. लेक परदेशात, तिचा फोन रविवारी. संध्याकाळी आतल्या खोलीत एक बल्ब लागायचा आणि नऊला विझायचा. बाहेरचा दिवा लावून दाखवायचंय कुणाला?

"राहत्या घराचा पिवळा रंग मारा आणि मोकळे व्हा," साहेब म्हणाले. "कोण बघतंय?"

"चाळीस जणांना सहीसाठी पिटाळलंय मी, साहेब. स्वतःसाठी पळवाट काढू?"

नकाशा शुक्रवारी मंजुरीला जायचा होता. एकदा गेला की पाच वर्षं त्याला हात लागणार नव्हता. गुरुवारी संध्याकाळी काका सहीचा कागद घेऊन शेजारच्या टेलरकडे गेले.

टेलरने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही घरमालकांचे कोण?"

"मीच मालक."

"माफ करा हं. पण मी तुम्हाला कधी पाहिलंच नाही. सही कशी करू?"

काकांनी कागदाची घडी घातली. पलीकडच्या घराला खरंच कुलूप होतं. उरल्या समोरच्या निवृत्त नर्सबाई.

"तुमच्या मिसेसना ओळखायचे मी," त्या म्हणाल्या. "त्या गेल्या आणि घर बंद झालं, असंच धरून चालले होते."

काकांनी कागद दाखवला. एवढं त्यांना कुणी तोंडावर बोललं नव्हतं.

"हे बघा, जन्मभर मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पेशंटच्या तक्त्यावर सही केली नाही. आठ दिवस बाहेरचा दिवा लावा. दिसला, की करते."

उद्याचीच मुदत आहे, हे काकांच्या ओठांवर आलं होतं. पण बाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि नियम तर त्यांचाच. ते परत आले. शुक्रवारी नकाशा गेला. राखाडी घरासकट त्यांनी तो स्वतःच्या हाताने दिला.

त्या संध्याकाळी ते दारातल्या बटणापाशी घुटमळले. आता दिवा लावून काय होणार होतं? डोंबल! पण समोरची बाई बघणार होती. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बघणार होतं, ते घरी आले की नाही ते. त्यांनी दिवा लावला. दुसऱ्या दिवशी तर ऑफिसातून धावतपळत येऊन लावला.

आठव्या दिवशी बेल वाजली. नर्सबाई दारात उभ्या, नाकावर चष्मा, हातात स्वतःचं पेन.

"एकही दिवस चुकला नाहीत. आणा तो कागद."

मुदत कधीच उलटून गेली होती. काकांनी ते सांगितलं नाही, कागद तेवढा पुढे केला. बाईंनी तो उभ्याउभ्याच वरपासून खालपर्यंत वाचला आणि "इथे कोणी राहतं का?" या छापील प्रश्नापुढे ठसठशीत अक्षरांत लिहिलं, हो.