खांदे शेकले त्या संध्याकाळी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या गोठ्यात बैलांचे खांदे शेकतात. लोणी-हळदीचा तो वास आला, की मला माझ्या बायकोचा, सिंधूचा, सुजलेला घोटा आठवतो.

वऱ्हाड मध्य प्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. अमरावतीहून अकोल्याला सायकलींवर जायची हौस माझी. मागून सामान घेऊन सोनबाची बैलगाडी. "अहो, अंग मोडून आलंय, आज थांबू या ना," सिंधू सकाळीच म्हणाली होती. पण पोळ्याच्या आत अकोला गाठायचं होतं, म्हणून मी हसण्यावारी नेलं. मूर्तिजापूरच्या पुढे काळ्या चिखलात तिची सायकल घसरली.

गाडीत घालून तिला जवळच्या गावात एका घरी आणलं. तिथं सोनबानं बैल सोडले आणि त्यांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळायला घेतली.

"सोनबा, डॉक्टर अकोल्याला आहे. गाडी जुंप!"

"खांदे शेकले, सायेब. आता पोळा झाल्याबिगर जू नाई ठेवत. मले काई बी म्हना."

मी ओरडलो, हात जोडले, दारोदार फिरलो. गावात कोणीच गाडी जुंपेना. परतलो तेव्हा त्या घरची म्हातारी बैलांसाठीच्याच वाटीतली हळद सिंधूच्या घोट्याला लावत होती.

"पोरगी थकून गेली होती," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. "काहून दामटली तिले?"

तेव्हा मला सोनबाचाच राग आला होता. आता तो वास आला, की गोठ्याकडे बघवत नाही. बैलांनी सुट्टी मागितली नव्हती. सिंधूनं मागितली होती.