नव्या स्क्रीनची पहिली भवानी

ये, जवळ बस की गं. केवढी वाळलीस, जेवतेस का न्हाय? या कोऱ्या चादरींच्या खळीचा वास आला की मला दुकानातली ती सकाळ आठवते. आपली जुनी, गचाळ वेबसाइट बदलून तू नवी, झकास केली होतीस. पहिलाच फोन मंद्रूपच्या बाईचा. तिला लेकीच्या बाळासाठी एकच चादर हवी होती. स्क्रीन मात्र दहा चादरींच्या खाली ऑर्डर घेईना. मी म्हटलं, "दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक परत पाठवू? भवानी व्हायच्या आधीच?" तू हसलीस, "आत्या, कंप्युटरला भवानी काय कळते?" "मग शिकव की त्याला!" बाईला फोनवर थांबवून तू तिथंच दिवसाच्या पहिल्या ऑर्डरीपुरती दहाची अट काढून टाकलीस, अन् चादर गेली. आता धंदा लई वाढलाय, पण पहिली ऑर्डर एका चादरीची असली तरी स्क्रीन मुकाट्यानं घेते, अन् मी सगळ्यांना सांगते, माझ्या भाचीनं शिकवलंय. उद्या पुण्याला जा, पण लवकर परत ये गं.