राजवाडा नसलेल्या शहराची गटारं

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर मी दहावीला बसायचं ठरवलं. माझं माहेर सावंतवाडीजवळच्या एका खेड्यातलं. नववी झाली आणि शाळा सुटली. नवरा डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा, म्हणून आम्ही डिचोलीबाहेर सहा खोल्यांच्या एका ओळीत भाड्यानं राहत होतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून सावंतवाडीला परीक्षा द्यायची असा माझा बेत होता. नवरा म्हणाला, "बस. पण मधेच सोडू नको." मी म्हटलं, "सोडूचंय नाय."

अडचण अशी की वाचायची सवयच मोडली होती. दोन ओळी वाचल्या की डोळे मिटायचे. म्हणून गावातल्या वाचनालयात जाऊन मी सोपं काहीतरी मागितलं. तिथल्या माणसानं पुठ्ठा निघालेलं एक जाड पुस्तक पुढे केलं. जगातल्या जुन्या संस्कृतींची माहिती होती त्यात. कुणी नेत नाही, हवं तितके दिवस ठेवा, म्हणाला.

दुपारी जेवणं आटपली की ओळीतल्या बायका पडवीत बसायच्या. कुणी तांदूळ निवडायचं, कुणी सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलायचं. शेजारच्या कुंभारवाड्यातली एक म्हातारी बाईही यायची. तिला आम्ही सगळ्या मावशी म्हणायचो. मी तिथंच बसून मोठ्यानं वाचायला लागले. मोठ्यानं वाचलं की झोप येत नाही, एवढंच कारण होतं. पण आठवडाभरात त्या बायका माझी वाट बघायला लागल्या.

इजिप्तमध्ये घरातलं मांजर मेलं की सगळं कुटुंब भुवया भादरायचं, हे वाचलं तेव्हा शेवटच्या खोलीतली बाई हसून हसून लोळायची बाकी राहिली. तीही आमच्याच बाजूची, वेंगुर्ल्याकडची, तोंडानं फटकळ. "माझ्या घोवाक सांग," ती म्हणाली, "मी मेलंय तर निदान मिशी तरी काढ!"

इराकच्या बाजूला माणसं मातीच्या ओल्या पाट्यांवर काडीनं लिहायची, आणि शहरं जळाली तेव्हा त्यातल्या कितीतरी पाट्या भाजून पक्क्या झाल्या म्हणून टिकल्या, हे ऐकून मावशीनं मान डोलावली. मग म्हणाली, "भाजली मगे कशी वतली? माती जाणां आपणें किदें करपाचें तें." म्हणजे, एकदा भाजलेली माती जाईल कुठे, तिला आपलं काम ठाऊक असतं. त्या पाट्यांत शाळेतल्या मुलांच्याही होत्या. घरी कुणीच बोलत नाही अशी जुनी भाषा ती मुलं शिकायची आणि त्या भाषेत बोललं नाही म्हणून मास्तरांचा मार खायची.

मी हे वाचलं तेव्हा बायकांनी एकमेकींकडे बघितलं, कारण गोव्यात तेव्हा भाषेवरून रान पेटलं होतं. कोकणी की मराठी, यावरून एका घरात दोन मतं होती. मावशी कोकणीत बोलायची, आम्ही मालवणीत, आणि मी वाचत होते मराठीत. पडवीत त्यावरून एकदाही भांडण झालं नाही, पण रस्त्यावर सगळा गोंधळ होता.

मग सिंधू नदीच्या काठच्या शहरांचं प्रकरण आलं. साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथं घराघराला न्हाणी होती. न्हाणीचं पाणी विटांच्या झाकलेल्या गटारात जायचं, गटार गल्लीतून मोठ्या गटाराला मिळायचं. मी वाचत होते आणि समोर आमचं अंगण होतं. सहा घरांचं सांडपाणी अंगणात साचायचं, त्यात खाणीची तांबडी माती मिसळायची. डासांमुळे माझ्या मुलीचे पाय फोडांनी भरले होते. त्या वर्षी ती दोनदा तापानं आजारी पडली होती.

पुढे लिहिलं होतं की या शहरांत मोठा राजवाडा म्हणावा असं काही सापडलेलं नाही. राजाचं नावही कुणाला ठाऊक नाही, कारण त्यांची लिपी अजून वाचता येत नाही.

राजाच नाही म्हटल्यावर मावशीनं हातातली सुंगटं खाली ठेवली. "राजा ना? मगे तीं गटारां कोणें बांदलीं?"

मी पान उलटून पाहिलं. तसं काही लिहिलेलं नव्हतं. "लोकांनीच बांधली असतील," मी म्हटलं.

"लोकांनी म्हणजे आमच्यासारख्यांनी?" फटकळ बाईनं विचारलं.

 त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं की आपल्या ओळीला गटार करायचंच.

दुसऱ्या दिवशी मी भाटकाराकडे गेले. जागा त्याची, खोल्या त्याच्या. तो बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून चहा घेत होता. "इतकीं वर्सां कोणाक गटार लागलें ना, तुकाच कशें लागता?" असं म्हणून त्यानं मला परत पाठवलं. दोन दिवसांनी मी पुन्हा गेले. तेव्हा तो घरात असून बाहेर आला नाही. तिसऱ्या खेपेला मी मावशीला बरोबर घेतलं आणि वेगळं बोलले. "अंगणातलं पाणी फुकट जातं. खालच्या अंगाला तुमचे सात माड आहेत, त्यांच्या मुळात सोडू. माणसं आमची, कष्ट आमचे. कुंपणाच्या पडलेल्या गडग्याचे चिरे तेवढे वापरू द्या."

माडांचं नाव काढल्यावर त्याचा सूर बदलला. "म्हज्या बांयकडेन पाणी वचूंक जायना," तो म्हणाला. बांय म्हणजे त्याची विहीर, ती वरच्या बाजूला होती. मी म्हटलं, "जाणार नाही."

पुरुषांना वेळ कधी मिळणार हा प्रश्न होता. तो आपोआप सुटला. भाषेच्या आंदोलनात रस्ते बंद झाले आणि ट्रक जागच्या जागी उभे राहिले. घरी बसून वैतागलेल्या पाच ड्रायव्हरांच्या हातात आम्ही कुदळी दिल्या. तीन दिवसांत चर खणून झाला. उतार बघायला मी दर चार हातांवर तांब्याभर पाणी ओतायची. पाणी थांबलं की पुन्हा खणायला लावायची. नवरा घाम पुसत म्हणाला, "खाणीवरचो सुपरवायझर इतको छळणा नाय." चिरे बसवले, वरून फरशीचे तुकडे टाकले. चौथ्या दिवशी सहाही न्हाण्यांचं पाणी माडांकडे वाहत गेलं.

तीन आठवड्यांनी ते तुंबलं.

राख, माशांची खवलं, ड्रायव्हरांच्या कपड्यांची तांबडी माती, सगळं मिळून घट्ट बूच बसलं होतं. पाणी उलटं फिरलं ते नेमकं शेवटच्या खोलीत. फटकळ बाई कमरेला पदर खोचून माझ्या दारात आली. "ह्या तुझ्या पुस्तकान माझो चुलो भिजवलो! आधी निदान पाणी भायर होता!"

 ती गेल्यावर मी दार लावून रडले. सगळ्यांना कामाला लावलं, आणि झालं काय? मग तोंड धुतलं आणि ते प्रकरण पहिल्यापासून वाचलं. या वेळी मी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होते. एक परिच्छेद मी त्या दुपारी घाईनं ओलांडला होता. गटारात ठरावीक अंतरावर खड्डे असत. गाळ त्यात बसे, वरचं झाकण उघडून तो उपसत. काही ठिकाणी तर मोठा रांजण जमिनीत पुरत, त्याच्या बुडाला भोक असे. आणि एका गटाराच्या कडेला उपसलेल्या गाळाचे ढीग तसेच पडलेले सापडले होते.

मी पुस्तक घेऊन सरळ शेवटच्या खोलीत गेले. ती चूल सारवत होती. तिनं वर पाहिलं नाही, तरी मी वाचलं. ढिगांचं ऐकल्यावर तिचा हात थांबला.

"म्हणजे थंयसरय कोणीतरी गाळ काढल्यान, आणि उचलूक कोण इलाच नाय?"

"तसंच दिसतं."

ती हसली. मग म्हणाली, "रांजण खय गावतलो?"

मावशीकडे भट्टीत तडकलेले दोन रांजण होते. तिनं ते स्वतः निवडून दिले आणि बुडाला भोकंही स्वतःच पाडली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एक मधल्या वळणावर पुरला, दुसरा माडांच्या अलीकडे. गाळ उपसायच्या पाळ्या लावल्या, रोज एका घराची, आणि उपसलेला गाळ त्याच दिवशी माडांत टाकायचा असं ठरलं. पहिली पाळी फटकळ बाईनं मागून घेतली.

गटार पुन्हा तुंबलं नाही. मुलीचे पाय हळूहळू बरे झाले. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या ओळीत त्याचे पेढे वाटले. मी मात्र त्याच वर्षी गणितात नापास झाले. बाकी सगळे विषय सुटले होते. निकालानंतर तिसऱ्या दिवशी पुन्हा फॉर्म भरला.

दुसऱ्यांदा परीक्षा द्यायला निघायच्या आदल्या दिवशी पलीकडच्या ओळीतल्या चार बायका दारात आल्या. गटार मागितलं म्हणून त्यांच्या भाटकारानं त्यांना दोनदा हाकलून दिलं होतं. "तू ये गो आमच्या वांगडा," म्हणत त्यांनी मला बरोबर चलायचा आग्रह केला. मी म्हटलं, सोमवारी गणिताचा पेपर आहे. मंगळवारी येते.

मंगळवारी मी गेले. त्यांची जागा कातळाची निघाली, गटाराला दोन महिने लागले. गणितात मला त्रेचाळीस मार्क पडले.