सराट्याचे काटे
सकाळी चपलेचा तळ फोडून सराटा पायात रुतला आणि मंद्रूपचं आमचं खारवट रान आठवलं. तिथं पीक कधी धड आलं नाही. पिवळ्या फुलांचा सराटा तेवढा जमिनीलगत पसरलेला असायचा. वडील गेले तेव्हा हातात मडकं धरून त्याच रानातून मी अनवाणी पुढं चाललो होतो. काटे पायात मोडत होते. "थांबू नगंस, मागं दाजी खांद्यावर हायती," मामा म्हणाला. घरी आल्यावर आईनं माझा पाय मांडीवर घेतला. "लई रुतलेत की रं," म्हणत ती सवयीनं बांगडीतली पिन चाचपायला गेली, आणि तिचा हात मोकळ्या मनगटावरच थांबला. बांगड्या सकाळीच फोडल्या होत्या. आज बायकोनं तिच्या बांगडीतली पिन काढून पुढं केली. मी घेतली नाही.