गुरुवारची आरती

दर गुरुवारी संध्याकाळी शेंडेकाका बूट पॉलिश करायला बसत. मस्कतमधल्या अल् खुवैर भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघेच राहत होतो. ते आमच्या ऑफिसातले सर्वांत जुने ड्राफ्ट्समन, मी नुकताच पुण्याहून आलेला इंजिनिअर. एरवी ते ऑफिसातसुद्धा मळक्या चपला फरफटत जात. गुरुवारी मात्र वर्तमानपत्र पसरून, फडकं बोटाला गुंडाळून बूट असे घासत की त्यांत बघून भांग पाडावा. मग शर्टाला इस्त्री, केसांना खोबरेल आणि मला हाक, "यल्ला, चला, निघतो रे भजनाला." भजनाला जाणारा माणूस बुटांवर एवढी मेहनत कशाला घेतो, हे मला कळेना. बूट तर दाराबाहेरच काढायचे असतात.

एका गुरुवारी ते मलाही घेऊन गेले. टॅक्सी थांबली ती एका हॉटेलापाशी. तळघरात क्लब होता आणि तिथे सोल म्युझिक चाले, चर्चच्या भजनांतून निघालेलं नाचाचं गाणं. गाणारी एक धिप्पाड आफ्रिकन बाई आणि मागे साथीदार. काकांनी लिंबू सरबत मागवलं, अर्धं प्यायले, चष्मा खिशात ठेवला आणि उठले. पोट सुटलेला, पन्नाशी उलटलेला हा माणूस इतका हलका नाचेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. डोळे मिटलेले, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. त्यांच्या चेहऱ्यावरचं सुख मी ऑफिसात किंवा घरी कधी पाहिलं नव्हतं. का कोण जाणे, मलाच संकोच वाटला आणि मी मेन्यू वाचत बसलो.

"भजनच आहे रे," परतताना ते म्हणाले. "एक म्हणतो, बाकीचे धरतात. टाळ नाहीत एवढंच. अगदीच खोटं नाही बोलत मी."

खोटं कुणाशी, ते घरी आल्यावर कळलं. बूट काढायच्याही आधी त्यांनी सांगलीला बायकोला फोन लावला. "आरती झाली गं. जेव आता."

शोभाकाकू तिकडे अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करत होत्या. नवरा परमुलखात न चुकता दत्ताचं भजन करतो, म्हणून त्यांनीही गुरुवार धरला होता. दिवसभर उपास, आणि आरती झाल्याचा फोन आला की मग जेवण. सांगलीत तेव्हा मध्यरात्र उलटलेली असे.

"काका, फोन लवकर तरी करत जा," मी म्हणालो.

"नाच संपायच्या आधीच 'झाली' म्हटलं, तर ते आणखी खोटं होईल ना." ते गंभीरपणे बोलत होते. मग बुटाची नाडी सोडता सोडता थांबले. "ती तिकडे माझ्या आईची अंथरुणं बदलते आणि मी इकडे हे. लाज वाटते रे. दर गुरुवारी वाटते. पण बुधवारपासून पाय शिवशिवायला लागतात, त्याला काय करू?"

काकांची आई गेली तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि मी एक जुनी गाडी घेतली होती. शेवटचे थोडे दिवस बरोबर राहू, म्हणून काकू मस्कतला आल्या. पहिल्याच गुरुवारी त्यांनी ठेवणीतली साडी नेसली आणि बॅगेतून वाडीच्या पेढ्यांचा डबा काढला. "चला. तुमच्या भजनी मंडळींना म्हणावं, आज प्रसाद माझ्याकडून."

मी काकांना स्वयंपाकघरात ओढलं. "आजचं भजन रद्द झालं म्हणून सांगू या."

"आणि पुढच्या गुरुवारी?" काका म्हणाले. बाहेर काकू डब्यातले पेढे हाताने सारखे करत होत्या. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. काका त्यांच्याकडे बघत राहिले. "गाडी काढ," ते मला म्हणाले. "तिकडेच घे."

क्लबच्या दारात काकू थबकल्या, पण आत आल्या. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, डबा मांडीवर ठेवून सोफ्याच्या कडेला बसल्या. वेटरने न विचारता लिंबू सरबत आणून ठेवलं. गाणाऱ्या बाईने माइकवरूनच हाक मारली, "मिस्टर शेंडे!" काकूंना सांगण्यासारखं काही उरलंच नाही. काका मात्र वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे खाली मान घालून उभे.

"नाचा," काकू म्हणाल्या. "बघू तरी."

काका नाचले. पण त्या दिवशी डोळे उघडे होते आणि नजर स्वतःच्या बुटांवर होती. पाय जड पडत होते, ताल दोनदा हुकला. गाणं संपल्यावर ते घामाने निथळत काकूंपुढे येऊन उभे राहिले.

काकूंनी वर पाहिलं. "झाली आरती?"

काकांनी होकाराची मान हलवली.

"मग जेवू मी?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. माझा यात काही दोष नव्हता, पण ते बघायला मी तिथे होतो एवढंच पुरेसं होतं.

गाडीत काकू मागे बसल्या होत्या. अगदी शांतपणे बोलल्या. "मला कधीकधी वाटायचं, एखादी बाई असेल. बाई असती तर भांडता तरी आलं असतं. तुम्ही नुसते सुखात होतात हो."

महिनाभरात दोघं सांगलीला परतले. बूट इथेच पलंगाखाली राहिले. ते पाठवू का, हे विचारायला मी फोन केला, तो नेमका गुरुवार होता. पलीकडून तवा आपटल्याचा आवाज येत होता.

"राहू देत रे," काका म्हणाले. "भाकऱ्या करतोय. गुरुवारचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. हिने उपास धरणंच सोडलं."

"तुमचं जेवण झालं?"

"तिचं होऊ दे," ते म्हणाले. "ती 'झालं' म्हणाली की मग मी बसतो."